काकीची काळी कोंबडी

आमच्या पाड्यात कोंबड्या कोणी पाळत नाही. सकाळी खुराड्याचं दार उघडून त्यांना हाकलून देतात आणि संध्याकाळी ज्या परत येतील त्यांना आपल्या म्हणतात. मधल्या वेळात कोंबडी काय खाते, कुठे अंडं घालते, कोणाच्या मेथीच्या वाफ्यात उकरते, याच्याशी मालकाला काही देणंघेणं नसतं. ते सुरू होतं कोंबडी हरवली की. मग शेजाऱ्यांचा असा उद्धार होतो की रस्त्यावरून जाणारी जीपसुद्धा ऐकायला हळू होते. तोवर हरवलेली कोंबडी मागच्या पेंढ्याच्या उडवीतून अंग झटकत बाहेर येते. दिलेल्या शिव्या मात्र कोणी परत घेत नाही.

माझं माहेर मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. सासर शहापूरच्या बाजूला. दोन्हीकडे भातशेती, दोन्हीकडे कोंबड्या, आणि अडाणीपणाही दोन्हीकडे सारखाच. पण माहेरी निदान नवी पिल्लं काही दिवस घरात ठेवायची पद्धत होती. इथे लग्न होऊन आले तर अंड्यातून निघालेली पिल्लं त्याच दिवशी अंगणात, आणि वर घार घिरट्या घालत असलेली. कोंबडीने पंखाखाली घ्यायच्या आत एखादं उचललं जायचं आणि घरातली माणसं ओसरीवरून बघत म्हणायची, "गेलं." उठायचं कोणी नाही.

पिल्लं वाढवायची सवय मला त्या रागातून लागली. मुक्या जिवांवर माझं फार प्रेम आहे असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. मला ते "गेलं" ऐकवत नव्हतं, एवढंच. नवरा तेव्हा वाशिंदला एका कंपनीत पॅकिंगच्या कामावर होता. त्याने जाड पुठ्ठ्याचा खोका आणून दिला. मी त्यात भाताचं तूस पसरलं आणि वरून पिवळा बल्ब सोडला. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली की समजायचं थंडी वाजते आहे, लांब कोपऱ्यात जाऊन धापा टाकायला लागली की वायर वर ओढायची. पहिल्या दिवशी एकेकाची चोच पाण्यात बुडवून पाणी कुठे आहे ते दाखवायचं. कणी बारीक करून द्यायची. बुडाला घाण चिकटली तर कोमट पाण्याच्या फडक्याने पुसायची. बांधावरचं वारुळ फोडून वाळवी आणून टाकली की पिल्लं तिच्यावर अशी तुटून पडतात की आपण हातातलं काम विसरावं. यात हुशारी कसलीच नाही. रोज करावं लागतं, आणि तेच आमच्या पाड्याला जमत नाही.

माझी पिल्लं जगतात हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं आणि माझ्या दारात रांग लागली. मांजराने चावलेलं, गटारात बुडालेलं, पाय मोडलेलं पिल्लू प्लास्टिकच्या पिशवीत घालून बायका यायच्या. "बघ गो, जगतं का." जगलं तर न सांगता घेऊन जायच्या. मेलं तर "तुझ्या हाताला यश नाय" म्हणायच्या. एक बाई तर मेलेलंच पिल्लू घेऊन आली होती. मी म्हटलं, "अगो, हे मेलंय." ती म्हणाली, "बल्बखाली ठेवून तर बघ."

या सगळ्यांत वरचढ होती काकी. काकी म्हणजे माझी चुलत सासू. तिचं दार माझ्या दारासमोर, मध्ये बैलगाडी जाईल एवढीच वाट. घरात मुलगा, सून आणि सुनेचं तान्हं बाळ. मुलगा रोज कल्याणला कामाला जातो, म्हणून घरात राज्य काकीचं. काकीला जगातलं सगळं कळतं आणि कोंबड्यांतलं तर जरा जास्तच. एकदा ती मुरबाडच्या बाजारातून गुलाबी आणि हिरवी पिल्लं घेऊन आली. रंगात बुडवून, टोपलीत भरून विकायला बसतात, ती.

"काकी, ही टाकाऊ पिल्लं असतात," मी सांगितलं. "नर म्हणून फेकून दिलेली. रंग लावून विकतात."

"तुला काय म्हाइत? तुमच्या मुरबाडच्या बाजारातनंच आणलीत."

पिल्लं अर्थात माझ्याच खोक्यात वाढली. गुलाबी रंग उडाला, हिरवा उडाला आणि पांढरे, लुकडे, लांब मानेचे कोंबडे तयार झाले. ते दिवसभर आरवायचे आणि एकमेकांचे तुरे फोडायचे. काकीने पाड्यात सांगितलं की मी बल्ब जास्त वेळ लावला, म्हणून कोंबड्यांचे कोंबडे झाले. लोकांनी ते मानलं. अजूनही काही जणी तसंच मानतात.

काळीही माझ्याच खोक्यातली. तिच्या आईला मुंगसाने धरलं तेव्हा काकीने उरलेली पिल्लं पदरात आणून माझ्यापुढे ओतली होती. बाकीची एकामागून एक मेली, ही राहिली. पुढे ती अशी कोंबडी झाली की तिच्यासारखी खुडूक बसणारी पाड्यात दुसरी नव्हती. कोणाचीही अंडी खाली ठेवा, ती उबवायची. दिवसातून एकदा उठायची, वाट ओलांडून माझ्या अंगणात यायची, घाईघाईने कणी टिपायची, धुळीत एक लोळण घ्यायची आणि परत जाऊन बसायची. काकी येईल-जाईल त्याला काळीचं कौतुक सांगायची. ती कोणाच्या घरात वाढली हे मात्र त्या कौतुकात कधी आलं नाही.

माझं आणखी एक पाप म्हणजे लस. मानमोडीचा रोग आला की पाड्यातली खुराडी रिकामी व्हायची. माना वाकड्या करून कोंबड्या गोल फिरायच्या आणि पडायच्या. त्याच्यावर डोळ्यांत थेंब टाकायची लस मिळते, ती मी शहापूरहून बर्फाच्या थर्मासमधून आणायचे. अडचण अशी की ती एवढीशी बाटली सगळ्या पाड्याला पुरते आणि एकदा फोडली की लगेच संपवावी लागते. एकटीच्या कोंबड्यांना टाकून बाकीची ओतून द्यायची, की घरोघर जाऊन लोकांच्या विनवण्या करायच्या? मी विनवण्या करायचे. आदल्या दिवशी प्रत्येक दारात सांगायचे, "उद्या मी येईपर्यंत खुराडं उघडू नका." सगळे हो म्हणायचे. सकाळी जावं तर खुराडी उघडी, कोंबड्या शेतात आणि घरधनी दात घासत विचारतोय, "आज होतं का?" मग मी बर्फ वितळायच्या आत लोकांच्या कोंबड्यांमागे धावतेय आणि लोक ओसरीवर बसून कोंबडी कुठल्या बाजूला पळाली ते सांगताहेत.

"डोळ्यात कायबाय टाकून आंधळी करशील गो माझी काळी," काकी दर वेळी म्हणायची. पण काळीला धरून तीच आणायची. दोन्ही पंख दाबून, मान बरोबर तिरकी करून धरायची. तेवढं तिला येत होतं.

त्या थेंबांमुळे कोणाच्या घरी किती कोंबड्या, कुठल्या रंगाच्या, कोणती लंगडी, हे मला पाठ झालं. ते पुढे माझ्या अंगाशी आलं.

गावाच्या तोंडाशी आमच्या भावकीतल्या एकाची पोल्ट्रीची शेड आहे. नात्याने माझा दीर. लांबलचक पत्र्याची शेड, आत पांढऱ्या ब्रॉयलर कोंबड्या, बाहेर माश्या. वारा फिरला की जेवणाच्या ताटावर हात ठेवून जेवायचं. पण त्याच्याबद्दल बोलायची कोणाची छाती नव्हती, कारण सप्ताहाला मंडप त्याचा असायचा. तो माझ्या खोक्याला हसायचा. "वहिनी, तुमच्या या उकिरड्यावरच्या कोंबड्यांनी रोग येतो. आमची सगळी शास्त्रीय पद्धत." शास्त्रीय पद्धत म्हणजे काय, ते एके दिवशी ओहोळात दिसलं. गुरांना पाणी पाजायला गेलेल्यांनी बघितलं, पुलाखाली मेलेल्या पांढऱ्या कोंबड्यांचा ढीग पडला होता. कुत्री त्यातल्या कोंबड्या तोंडात धरून पाड्यात येत होती. आणि आमच्या मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या त्या ढिगाशेजारी उकरत होत्या. काकीने काळीला तिथून काठीने हाकलत आणलेलं मी स्वतः बघितलं.

मी दिराला रस्त्यात गाठलं. "भाऊजी, किती मेल्या?"

"गरमीनं मेल्या."

"गरमी? आमी रात्री गोधड्या घेऊन झोपतो."

"तुमाला त्यातलं काय कळतं, वहिनी," म्हणाला आणि गाडीला किक मारली.

दिवसेंदिवस शेडमध्ये मरत राहिल्या. मग पाड्यात पहिली कोंबडी पडली, मग आणखी काही. माना वाकड्या नव्हत्या. तुरे निळे-काळे पडले होते. तालुक्याहून माणसं आली, मेलेल्या कोंबड्या डब्यात घालून घेऊन गेली. त्यानंतर जे आलं ते मी जन्मात विसरणार नाही. बर्ड फ्लू. शेडमधल्या आणि आजूबाजूच्या सगळ्या गावांतल्या, चांगल्या-वाईट सगळ्या कोंबड्या मारायच्या.

गाड्या आल्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे घातलेली माणसं उतरली. रस्त्याला दोरी बांधली. आणि आमच्या लोकांनी काय करावं? मोबाइल काढले. पांढऱ्या झग्यांबरोबर फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. ज्यांच्या कोंबड्या घटकाभरात मरणार होत्या तेच लोक पोराला पुढे ढकलत होते, "जा रे, साहेबाच्या बाजूला उभा राह." दीर तर असा हात जोडून फिरत होता, जणू त्याच्या घरचंच कार्य आहे. हा रोग बगळ्यांनी आणला, असं तो ज्याला त्याला सांगत होता. ओहोळाचं नाव त्याने काढलं नाही आणि त्याला कोणी विचारलंही नाही.

त्या पथकाची प्रमुख एक तरुण डॉक्टर होती. मास्कवर फक्त डोळे दिसत होते आणि ते झोप न झालेले होते. तिला कोणीतरी सांगितलं असणार. ती माझ्या दारात आली.

"ताई, घरोघरच्या कोंबड्या तुम्हाला माहीत आहेत म्हणे. आमच्याबरोबर फिराल का? लोक लपवून ठेवतात. एक राहिली तरी सगळं फुकट."

मी म्हटलं, "आधी माझ्या न्या."

माझ्या नेल्या. मीच खुराड्यातून एकेक काढून दिली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. खोक्यातली पिल्लंही दिली, त्यांनी तर माझ्या हाताला अन्न समजून चोची मारल्या. मग मी डॉक्टरबरोबर निघाले. पाड्याने मला त्याच दिवशी नाव ठेवलं, सरकारची कोंबडी.

लोकांनी काय लपवालपवी केली होती! एकाने कोंबडा कणगीत, भातावर बसवला होता. तो आतून आरवला. घरधनी ऐकू न आल्यासारखा छताकडे बघत राहिला. एकीने कोंबडी पाटीखाली झाकून वर स्वतः बसून घेतलं होतं आणि पाटीखालून शेपूट बाहेर आलं होतं. एकाने सांगितलं, आमी तर कोंबड्या पाळतच नाय, आणि त्याच्या मागे त्याच्याच कोंबड्या त्याच्याच ओट्यावर चढत होत्या. ज्यांनी एवढी वर्षं सकाळी दार उघडण्यापलीकडे कोंबडीसाठी काही केलं नाही, त्यांना त्या दिवशी ती पोटच्या लेकरासारखी वाटायला लागली होती. मला हसू येत होतं आणि रडूही. मी दोन्ही गिळलं आणि सांगत गेले, "लाल एक राहिली. लंगडी कुठे? बाहेर काढा."

काकीचं घर शेवटी आलं. तिने खुराडं स्वतः उघडून दिलं आणि बाजूला उभी राहिली. एवढी शहाणी ती कधीच वागत नाही. खुराड्यात काळी नव्हती.

"काकी, काळी कुठाय?"

"मुंगसानं नेली."

"कधी?"

"झाले चार दिवस."

"काल सकाळी ती माझ्या अंगणात कणी खाऊन गेली."

काकीने माझ्याकडे बघितलं. "मंग तूच शोध. तू आता सरकारची."

डॉक्टर पुढे व्हायला लागली. मी तिला म्हटलं, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबा." ती थांबली. मी आत गेले, माझ्यामागे काकी आली. मधल्या खोलीत सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिची नजर एकदा वर माळ्याकडे गेली आणि लगेच खाली आली.

"काकी, हे बाळ याच खोलीत झोपतं ना?"

"मंग? बाळाला काय धाड भरलीय?"

"अजून काय नाय भरली. उद्या ताप आला तर काय सांगणार डॉक्टरला? कोंबडी वाचवली म्हणून?"

"तूच म्हणालेलीस, थेंब टाकले की रोग होत नाय."

"ते मानमोडीचे थेंब. हा रोग वेगळा."

"रोग त्या शेडवाल्याच्या कोंबड्यांना. माझी काळी काय त्याच्या शेडवर गेली होती?"

"शेडवर नाय. ओहोळावर गेली होती. तुमीच काठीनं हाकलत आणलीत. मी बघितलं, काकी."

 मला वाटलं आता शिव्या येतील, मी तयारही होते. पण तिने भिंतीला लावलेली शिडी ओढली आणि या वयात, नऊवारीचा काष्टा सावरत, स्वतः माळ्यावर चढली. सून "मी जाते, मी जाते" म्हणत राहिली. वरून पसरट टोपली घेऊन काकी एकेक पायरी पाय चाचपत उतरली. टोपलीत काळी अंग पसरून बसली होती. मला बघून तिने पिसं फुलवली आणि घशातून घरघर केली, खुडूक कोंबडी करते तशी.

काकीने टोपली जमिनीवर ठेवली. काळीच्या पोटाखाली हात घालून एक अंडं काढलं, कानाला लावलं आणि मग माझ्या कानाला लावलं.

"बोलतात गो आत."

बोलत होती. आतून टकटक येत होती आणि बारीक आवाज. तो आवाज मी कितीदा ऐकला आहे, तो आला की मी खोका धुऊन उन्हात ठेवते. मी अंडं परत काळीच्या पोटाखाली सरकवलं. 

"तूच ने," काकी म्हणाली. "त्या पांढऱ्या भुतांच्या हातात मी देणार नाय. तुझ्या खोक्यात वाढलेली हाय, तूच ने."

एवढ्या वर्षांत हे तिने पहिल्यांदा कबूल केलं, आणि त्यासाठी हाच दिवस धरला.

मी टोपली उचलून बाहेर आणली. डॉक्टरने टोपलीत बघितलं, अंड्यांकडे बघितलं आणि हातमोजे पुन्हा ओढून घट्ट केले.

"अंडी पण, ताई," ती म्हणाली. 

गावकुसाबाहेर खड्डा खणला होता. चुना टाकून तो बुजवला. खुराड्यांवर औषध मारलं. आरोग्याची माणसं रोज दारात येऊन ताप आहे का विचारून जायची. बाळाला ताप आला नाही, कोणालाच आला नाही. त्यावरून पाड्याने लगेच निकाल लावला की रोग नव्हताच, उगाच मारल्या. उद्या कोणाला ताप आला असता तर हेच लोक म्हणाले असते, आधीच का नाय मारल्या.

आणि मग मेलेल्या कोंबड्या मोठ्या व्हायला लागल्या. जिची कोंबडी आठवड्यातून एखादं पुळचट अंडं घालायची, तिची आता रोज घालत होती. कोणाची दोन पिवळ्या बलकांची घालत होती. कणगीत कोंबडा लपवणारा सांगायचा, त्याच्या कोंबड्याच्या आरवण्यावर वाशिंदची पहिली पाळी उठायची. मी ऐकून घ्यायचे. सकाळी खरंच कोणी आरवत नव्हतं. भांड्यांचे आवाज, मोटारसायकली, मोबाइलवरची भजनं, सगळं होतं, पण सकाळ अर्धवट वाटायची. हे मी पाड्यात कोणाला सांगितलं नाही. त्यांनी तेही वाढवून सांगितलं असतं.

काकी माझ्याशी बोलायची बंद झाली. समोरासमोर दार, तरी ती मला दिसत नसल्यासारखी वागायची. मी अंगणात आले की सुनेला मोठ्याने सांगायची, "दार लाव गो, वारा येतो." वारा नसायचा. मी चुकले असं मला वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही. उद्या तसाच प्रसंग आला तर मी तेच करीन. पण बरोबर वागल्याचं समाधान म्हणतात ते मला काही सापडलं नाही. मी रिकामा खोका उलटा करून त्यावर विळा-कोयते ठेवले.

पावसाळा सरला. कोंबड्या पाळण्यावरची बंदी उठली. पहिला कोण उभा राहिला असेल? शेडवाला. नवे पत्रे, नवा पाण्याचा हौद, दारावर तोरण. त्याने पूजा घातली आणि सगळ्या पाड्याला जेवायला बोलावलं. जेवणात कोंबडीचा रस्सा. ज्यांच्या पोटच्या लेकरासारख्या कोंबड्या त्याच्यामुळे खड्ड्यात गेल्या, ते सगळे अंघोळी करून, इस्त्रीचे कपडे घालून वेळेआधी हजर. मीही गेले, भावकीचं आमंत्रण होतं. दीर प्रत्येक पंगतीत फिरून वाढा वाढा म्हणत होता. माझ्यासमोर थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वहिनींनी त्या वेळी फार सहकार्य केलं."

"भाऊजी," मी म्हटलं, "या वेळी गरमीनं मेल्या तर ओहोळात नका टाकू. खड्डा आधीच खणून ठेवा."

पंगतीतले हात थांबले. दिराच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, ते काढायला विसरल्यासारखं. मग कोणीतरी पलीकडून ओरडलं, "अरे, इकडे रस्सा आण रे," आणि सगळे पुन्हा जेवायला लागले. रस्सा बरा झाला होता. तेही सांगायला हवं.

पाड्यातून एकटी काकी त्या जेवणाला आली नव्हती. मी परत आले तेव्हा ती दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. मी थांबले, काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तिने सुपाला असा एक झटका दिला की सगळा कोंडा माझ्या दिशेने आला. मी घरात गेले.

काही दिवसांनी मी माहेरी गेले. भावजयीने एक खुडूक कोंबडी आणि तिची नुकतीच निघालेली पिल्लं टोपलीत घालून दिली. मुरबाडला येऊन शहापूरची एसटी धरली. शेजारी एक गृहस्थ बसले होते, स्वच्छ टोपी, हातात पिशवी. कोणतं गाव विचारलं, मी सांगितलं. "बर्ड फ्लूवालं?" म्हणाले आणि उठून पुढच्या सीटवर गेले. थोड्या वेळाने तिथूनच मागे वळून विचारतात, "कोंबडी गावठी हाय ना? विकणार का?" मी टोपली पायाशी ओढून घेतली.

खोका धुतला, तूस पसरलं, बल्ब सोडला. कोंबडी प्रवासात भेदरून पिल्लांना टोचायला लागली होती, म्हणून पिल्लं वेगळी ठेवली. बातमी फिरायला वेळ लागला नाही. ज्यांनी मला सरकारची कोंबडी म्हटलं होतं, त्याच बायका पिल्लं बघायला आल्या. प्रत्येकीला कोंबडी हवी होती, कोंबडा कोणालाच नको होता.

आणि एका दुपारी काकी आली. वाट ओलांडून सरळ आत, जणू काल संध्याकाळीच उठून गेली होती. खोक्यापाशी उकिडवी बसली.

"बल्ब खाली झालाय गो. भाजून मारशील."

"बरोबर आहे तेवढाच."

तिने वायर वर ओढली. पिल्लं एकमेकांवर चढली. मी वायर खाली सोडली. पिल्लं पांगली. तिने ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

"यात काळं कुठाय?"

"काळं नाय."

"मंग एवढं मुरबाडला जाऊन आणलंस काय?"

 ती एकेक पिल्लू उचलून, उलटं करून, पाय ताणून बघत राहिली. एवढ्या लहान पिल्लांत नर-मादी कळत नाही हे तिला मी शंभरदा सांगितलं आहे. शेवटी तिने तीन पिल्लं पदरात घेतली, सगळ्यांत मरतुकडी होती ती.

"ही कशाला? चांगली घ्या की, काकी."

"चांगली तुझ्याकडे राहू देत. तुला सांभाळता येतात थोडी." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "त्या शेडवाल्याला बोललीस म्हणे."

"बोलले."

"बरं केलंस," म्हणाली. "पण जेवलीस का मग?"

उत्तरासाठी न थांबता ती तिच्या घरी गेली.

दुसऱ्याच दिवशी तिच्या अंगणातून कावळ्याने एक पिल्लू उचललं. काकी दारातूनच ओरडली, "तुझ्या माहेरची पिल्लं मंद हायेत गो! पळतच नाय!" मी माझ्या घरातलं बांबूचं डालगं नेऊन दिलं, उरलेली दोन त्याखाली झाकून ठेवा म्हणून सांगितलं. काकीने मान हलवली. संध्याकाळी बघते तर डालगं अंगणाच्या मध्यावर उपडं, त्यावर ओलं फडकं अंथरून पापड वाळत घातलेले, आणि पिल्लं मोकळी.

मी तोंडात येईल ते बोलत वाट ओलांडली, पापड सुपात काढले आणि पिल्लं शोधायला लागले. काकी उंबऱ्यावर नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. कोणतं कुठे शिरलंय ते बसल्या जागेवरून हात करून सांगत होती, आणि दर वेळी चुकीचं सांगत होती.